वजन घटलं नाही, काटा बदलला

प्रश्न: माझी मुलगी १० महिन्यांची आहे. ३४ आठवडे भरल्यावर झाली, जन्माचं वजन २ किलो १०० ग्रॅम. अलीकडेच दवाखान्यात ७.१ किलो भरली, चार दिवसांनी अंगणवाडीत ६.८. अंगणवाडीतल्या आधीच्या तीन महिन्यांच्या नोंदी ६.०, ६.३ आणि ६.५५. बसवली की बसते, पण रांगत नाही. जावेचा मुलगा या वयात धरून उभा राहायचा. सासूबाई म्हणतात, पोरगी अंग धरत नाही, वॉकर आणा. माझं काय चुकतंय?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये. जुलाब, उलट्या किंवा ताप नसताना चार दिवसांत ३०० ग्रॅम वजन असं उतरत नाही. काटे दोन होते आणि अंगावरचे कपडेही बहुधा वेगळे होते. स्वेटर, टोपी आणि ओला डायपर मिळून एवढा फरक सहज पडतो. यापुढे महिन्यातून एकदा, अंगणवाडीच्याच काट्यावर, डायपर काढून आणि अंगात फक्त झबलं ठेवून वजन करा. बाळाला ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे स्वतः बघा.

आता महत्त्वाचं. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरतात, म्हणजे तुमची लेक ६ आठवडे आधी आली. १० महिन्यांतून हा दीड महिना वजा करा. तिचं वाढीचं वय साडेआठ महिने. दोन वर्षांची होईपर्यंत वजन, लांबी, बसणं, रांगणं, बोलणं सगळं याच वयाने पाहायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. गोवर-रुबेलाचा ९ महिन्यांचा डोस राहिला असेल तर आधी तो घ्या.

माता-बाल संरक्षण कार्डातला मुलींचा, गुलाबी तक्ता उघडा. १० महिन्यांच्या रेघेवर ६.८चा ठिपका पाडला तर तो पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्याला जवळजवळ चिकटतो. त्या वयाला हिरवा पट्टा ६.७ला संपतो. साडेआठ महिन्यांवर पाडा, तोच ठिपका आत हिरव्यात जातो. त्याहून बोलकी आहे ती चार नोंदींची रेघ. महिन्याला २५० ते ३०० ग्रॅम वाढ, पट्ट्यांना समांतर. एकट्या ठिपक्यावरून वाढ कळत नाही, रेघेच्या दिशेवरून कळते. लागोपाठ दोन महिने रेघ आडवी राहिली किंवा खाली वळली, तर ठिपका हिरव्यात असला तरी डॉक्टरांकडे जा. जावेच्या मुलाशी तुलना नको. मुलांचा तक्ताच वेगळा असतो, आणि तो पूर्ण दिवसांचा असेल तर हिशोबही वेगळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांत कधीही रांगायला लागलेली दिसली, आणि काही जण न रांगताच उभी राहिली. वॉकर अजिबात आणू नका, सासूबाईंना हे प्रेमाने पण ठामपणे सांगा. वॉकरमध्ये बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून उलटतं. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी टाका, ती जागी असताना दिवसातून चार-पाच वेळा पालथी ठेवा, खेळणं हाताच्या जरा पुढे.

खाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण वजन खालच्या बाजूला असेल तर तिथे आधी बघावं. वरणाच्या किंवा भाताच्या पाण्याने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. डाळ-तांदूळ मऊ शिजवून कुस्करा. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं घट्ट हवं, वर चमचाभर तूप. अर्धी वाटी, दिवसातून तीन वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. अंडं चालत असेल तर नीट उकडून द्या. वेळेआधी झालेल्या बाळांना लोहाचे थेंब लागतात. तिचे चालू आहेत का, हे डॉक्टरांना विचारा.

काही खुणा दिसल्या तर मात्र पुढच्या महिन्याची वाट बघू नका. आवाजाकडे वळत नाही, नजर देत नाही, ‘बाबा-दादा’सारखे आवाज काढत नाही, एकच हात वापरते, पाय ताठ ठेवते, किंवा आधी येत असलेली गोष्ट करेनाशी झाली. जन्मानंतर काचेच्या पेटीत ठेवली असेल आणि कानांची बेरा तपासणी (नीट ऐकू येतं का ते पाहणारी) राहिली असेल, तर ती आताच करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. सेविकाताईंकडून तारीख घ्या, कार्ड सोबत ठेवा आणि ‘३४ आठवड्यांची आहे’ हे सुरुवातीलाच सांगा. गरज वाटली तर तेच पथक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं, आणि तिथली तपासणी व उपचार मोफत असतात.