कल्ट म्हणायच्या आधी जरा थांब

अरे, कुठल्या गटाला कल्ट, म्हणजे माणसांना जखडून ठेवणारा घातक पंथ, म्हटलेलं दिसलं की आधी बघायचं, म्हटलं कोणी आणि कधी. फ्रान्सचंच घे ना, 1994 मध्ये स्वित्झर्लंड आणि कॅनडात सोलर टेम्पल नावाच्या पंथातल्या अनेकांचे सामूहिक हत्या-आत्महत्यांत मृत्यू झाले, सगळे हादरले, आणि 1995 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या संसदेच्या समितीने अशा कल्ट मानलेल्या थेट 173 गटांची यादीच काढली, ती पण पोलिसांच्या गुप्तवार्ता खात्याच्या माहितीवरून. त्यात यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथही होता. कायद्याने त्या यादीला काडीची किंमत नव्हती, पण एकदा छापून आलं ना की शिक्का बसला तो बसला. मग 2000 मध्ये तिथल्याच सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने करमाफीच्या केसमध्ये याच यहोवाच्या साक्षीदारांच्या संघटनांना धार्मिक मानलं, आणि 2005 ला खुद्द पंतप्रधानांनी परिपत्रक काढलं की बाबांनो त्या यादीचा आधार घेऊ नका!

शिक्का मारणारे बहुतेक ठरलेलेच, जुना मोठा धर्म, धास्तावलेले आईबाप, मीडिया, आणि गट सोडून आलेले लोक. या शेवटच्यांचं ऐकू नको असं अजिबात म्हणत नाहीये मी, आतली मारहाण, पैशाचे घोळ बऱ्याचदा त्यांच्यामुळेच बाहेर येतात, फक्त गुपचूप सोडून गेलेले आणि अजून आत असलेले यांनाही विचार. श्रद्धा विचित्र वाटते एवढ्यावर तर काहीच ठरवू नको प्लीज. वागणं बघ, सोडून जाता येतं का, घरच्यांशी बोलू देतात का, हिशोब मागितला तर दाखवतात का.