वाचकांचे प्रश्न : कर्नल सुरू होताना कोअरचा क्रम

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्प म्हणून रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठी छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लिहीत आहे. क्यूएमूवर (संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) एक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील सूचना चालवणारा एक स्वतंत्र भाग, दिला तर तो नीट चालतो. चार दिले की कधी चालतो, कधी सुरू होतानाच अडकतो. शून्य क्रमांक सोडून बाकीच्या कोअरना आधी रिकाम्या लूपमध्ये फिरवले की अडचण दिसत नाही. हा उपाय तसाच ठेवावा का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ठेवू नये. लूपमुळे दोष गेलेला नाही, तो फक्त दिसेनासा झाला आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक जरा संथ असला, तर परीक्षकांसमोरच तो दोष पुन्हा डोके वर काढेल.

तुमच्या मांडणीत चारही कोअर एकाच वेळी कर्नलमध्ये शिरत असावेत. शून्य क्रमांकाचा कोअर पेज टेबल (आभासी पत्ते मेमरीतील खऱ्या पत्त्यांशी जोडणारा तक्ता) भरत असतानाच दुसऱ्या कोअरने त्या टेबलाचा पत्ता सॅटप रजिस्टरमध्ये (कोणते पेज टेबल वापरायचे हे कोअरला सांगणाऱ्या जागेत) घातला, तर पुढचीच सूचना आणताना पेज फॉल्ट, म्हणजे पत्ता न सापडल्याची चूक, येऊ शकतो; आणि त्या कोअरने ट्रॅप (अशा चुका व इंटरप्ट आल्यावर होणारी उडी) हाताळणाऱ्या कोडचा पत्ता अजून नोंदवलेला नसेल, तर काहीही न छापता तो तिथेच अडकतो.

एमआयटीच्या एक्सव्ही-सिक्स या शैक्षणिक कर्नलमधील मेन फंक्शन जरूर वाचावे. त्यात मेमरी, पेज टेबल, प्रोसेस टेबल, डिस्क अशी सर्वांना सामायिक असलेली तयारी शून्य कोअर एकदाच करतो, मग मेमरी बॅरियर (आधीची मेमरीतील वाचने-लेखने नंतरच्यांच्या आधीच व्हावीत असे बंधन घालणारी सूचना) देतो आणि त्यानंतरच ‘स्टार्टेड’ या चलात १ लिहितो. बाकीचे कोअर तोवर ते चल वाचत थांबतात, १ दिसल्यावर स्वतःही बॅरियर देतात आणि मग सॅटप, ट्रॅप व इंटरप्ट कंट्रोलर यांची आपापल्या कोअरपुरती जुळणी करतात. बॅरियर अनावश्यक वाटून गाळण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु रिस्क-फाइव्हचे मेमरी मॉडेल (एका कोअरचे लेखन दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसावे याचे नियम) शिथिल असल्याने आधी लिहिलेले पेज टेबल दुसऱ्या कोअरला १ नंतर दिसणे नियमात बसते. सी भाषेत ते चल ‘व्होलाटाइल’ म्हणून घोषित केल्याने कंपायलर त्याचे वाचन गाळत नाही, एवढेच. प्रोसेसरवर त्याने क्रम बांधला जात नाही. प्रत्येक कोअरला स्वतंत्र स्टॅक (फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीची जागा) मात्र सी कोडमध्ये शिरण्यापूर्वीच मिळायला हवा.

एक्स-८६ वर (इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांच्या रचनेवर) दुसऱ्या कोअरला रीसेट करणाऱ्या इनिट संदेशानंतर १० मिलिसेकंद थांबून त्याला सुरू करणारा स्टार्टअप संदेश पाठवण्याची पद्धत तुमच्या वाचनात येईल. तो विलंब प्रोसेसर जागा होण्यासाठी आहे, सामायिक डेटा तयार असल्याची हमी त्यातून मिळत नाही. लिनक्स तेथे दीर्घकाळ एकेक कोअर सुरू करीत असे. २०२३ मधील ६.५ आवृत्तीपासून ते काम समांतरही होऊ लागले, तरी प्रत्येक कोअरने कोणत्या टप्प्यावर कोणाची वाट पाहायची हे कोडमध्ये ठरलेलेच असते.

दुरुस्तीनंतर उलटी चाचणी घ्यावी : रिकामा लूप काढून टाकून शून्य कोअरच्याच तयारीत, पेज टेबल भरण्यापूर्वी, मोठा विलंब घालावा. तरीही कोणी अडकले, तर तो कोअर ‘स्टार्टेड’ तपासण्याआधी कोणता सामायिक डेटा वाचतो ते शोधावे. बॅरियर राहून गेला असेल, तर ही चाचणी तो पकडेलच असे नाही. त्यासाठी कोडच डोळ्यांखालून घालावा.