पेट्रोलचा वास आलेला पहिला उन्हाळाच मुदत ठरवील

इंदूरच्या हद्दीलगत राहणारे एक गृहस्थ लिहितात की, त्यांच्या घरामागच्या जागेत पूर्वी एका कंपनीचा इंधनसाठा होता. टाक्या काढून नेल्यानंतर, मे 2021 मध्ये त्यांच्या बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रयोगशाळेच्या अहवालात बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधले कर्करोगकारक रसायन, आढळले. कंपनीने निरीक्षण विहिरी (भूजल तपासण्यासाठीच्या) खोदल्या, काही काळ पाणी उपसून शुद्ध केले आणि आता ‘सफाई पूर्ण झाली’ असे पत्र पाठवले आहे. वास मात्र अजून येतो. जिल्हा न्यायालयात दावा लावावा की कंपनीशी बोलणी चालू ठेवावीत, असे ते विचारतात. जुन्या पेट्रोल पंपांच्या शेजाऱ्यांकडूनही असेच प्रश्न येत असतात.

प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व मी येथे पुन्हा मांडत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि कंपनीच्या वकिलांनाही. जिल्हा न्यायालयाचा विचार सोडा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 च्या कलम 29 नुसार अशा नुकसानभरपाईचे दावे दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. तुमचा अर्ज या न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायपीठाच्या, भोपाळ खंडपीठाकडे जाईल.

खरा प्रश्न मुदतीचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 14 नुसार पर्यावरणाविषयीचा दिवाणी वाद नेण्यासाठी सहा महिने मिळतात आणि ते तुम्ही केव्हाच घालवले आहेत. उरते कलम 15, ज्यात बाधितांना भरपाई, मालमत्तेची पूर्वस्थिती आणि पर्यावरणाची पूर्वस्थिती मागता येते. त्यासाठीची मुदत, दाद मागण्याचे कारण प्रथम उद्भवले त्या दिवसापासून पाच वर्षांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी जास्तीत जास्त साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. तुम्ही ही पाच वर्षे प्रयोगशाळेच्या अहवालापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून मोजत आहात; पण कंपनीला पाठवलेल्या पहिल्या तक्रारीत ‘मे महिन्यापासून वास येत आहे’ असे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिले आहे, आणि समोरचे वकील नेमके तेच वाक्य न्यायाधिकरणासमोर वाचून दाखवतील. म्हणून मे 2026 लागण्याच्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे.

प्रदूषण रोज चालू आहे, त्यामुळे मुदतही रोज नव्याने सुरू होते, असा युक्तिवाद करता येतो. कंपनीच्या पत्रांना दायित्वाची कबुली मानून मुदत तेव्हापासून मोजता येईल का, यावरही वाद घालता येईल. दोन्ही मुद्दे अर्जात जरूर मांडावेत, पण त्यांच्या भरवशावर एक दिवसही दवडू नये. बोलणी चालू असताना मुदत थांबते, ही समजूत तर पूर्णपणे चुकीची आहे, आणि तिच्यापायी तुम्ही जवळजवळ पाच वर्षे गोड पत्रांची फाईल भरत बसलात, याचा मला मनापासून राग येतो. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार अवश्य करा. जुलै 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या दूषित स्थळांविषयीच्या केंद्रीय नियमांचा आधारही घ्या. मात्र मंडळाकडे तक्रार केल्याने न्यायाधिकरणाची मुदत थांबत नाही.

आता ‘सफाई पूर्ण’ या दाव्याकडे वळतो. तुम्ही जोडलेल्या तक्त्यानुसार कंपनीचे अखेरचे नमुने ऑक्टोबरमधले आहेत. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पातळी चढली की त्याचा बराच भाग पाण्याखालच्या मातीत आणि भेगांत अडकून पडतो व विहिरीत थर दिसत नाही. उन्हाळ्यात पातळी उतरली की तोच थर पुन्हा वर दिसू शकतो. शिवाय उपसा चालू असताना किंवा तो बंद केल्यावर लगेच घेतलेले आकडे फसवे असतात, कारण मातीला चिकटलेले पेट्रोल नंतर हळूहळू पाण्यात उतरते. माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट खडक आहे आणि त्यातले पाणी भेगांमधून वाट काढते. त्यामुळे कंपनीने आपल्या सोयीच्या जागी खोदलेल्या चार विहिरी स्वच्छ निघाल्या, तरी तुमच्या बोअरविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील बेंझीनची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. नाकाला वास आला की नाही, यावरून ती पाळली गेली हे ठरत नाही.

तुमचा दुसरा नमुना तुम्ही थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत दिला होता, असे लिहिता. त्या अहवालाचा उपयोग जवळपास शून्य आहे, कारण बेंझीन उडून जाते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच नमुना घ्यावा: काचेच्या छोट्या कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात, आणि कोणी कधी घेतला याच्या सहीच्या नोंदीसह. तोपर्यंत ते पाणी पिण्यास, स्वयंपाकास वा अंघोळीस वापरू नका. नव्या अहवालासाठी अर्ज मात्र अडवून ठेवू नका. तो नंतरही जोडता येतो.

अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे अधिनियमच सांगतो. प्रत्यक्षात किती काळ लागेल, याची हमी मी देणार नाही. उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्याची याचिका 1989 ची; सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये आला आणि सफाईच्या रकमेवर चक्रवाढ व्याज लावणारा आदेश 2011 मध्ये. त्या गावकऱ्यांची एक पिढी त्यात गेली. म्हणून अंतिम आदेशाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी अंतरिम दाद मागा: टँकरने पिण्याचे पाणी, केंद्रीय व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकारी यांची संयुक्त समिती, आणि कंपनीच्या सर्व विहिरींची 2021 पासूनची मूळ नोंदवही. अंतिम मागणीत, उपसा बंद केल्यानंतर किमान एक पूर्ण वर्ष, उन्हाळा व पावसाळा धरून, तटस्थ देखरेख ठेवावी आणि बेंझीन पुन्हा आढळल्यास कंपनीने स्वखर्चाने सफाई सुरू करावी, हे स्पष्ट लिहा. भरपाई मागितल्यास तिच्या एक टक्का शुल्क लागते, तेव्हा आकडा हिशेबाने ठरवा.

कंपनी नवी बोअर खोदून देण्याच्या बदल्यात ज्या कागदावर सही मागत आहे, त्यात ‘यापुढे कोणताही दावा उरलेला नाही’ असे वाक्य आहे. ते खोडल्याशिवाय सही करू नका.