एस्टिमेटचे पैसे ठेकेदारानं घ्यावे का?

तुम्ही विचारलं का गावातला ठेकेदार घराचं एस्टिमेट काढायचे ८०० रुपये मागून राहिला, काम दुसऱ्याला दिलं तरी परत नाही म्हणते, तर हे बरोबर आहे का. मी दारव्हा तालुक्यात १४ वर्षांपासून बांधकामाचे ठेके घेतो आणि मी पण पैसे घेतो, पण सगळ्यांकडून नाही आणि सगळ्याच गोष्टीचे नाही.

फोनवर कोणी विचारलं का भाऊ दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम काढायचं आहे, फुटाला काय भाव चालू आहे, तर ते फुकटच सांगतो. तो नुसता अंदाज, त्याच्या भरोशावर कोणी घरातली तूर विकू नये.

एस्टिमेट म्हणजे जागेवर येऊन मोजमाप, आणि खड्डा खणून पाहणं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खालचा टणक मुरूम कुठं ३ फुटावर लागते तर त्याच गावात नाल्याकडच्या प्लॉटवर ८ फूट गेलं तरी पत्ता नसते, आणि पायव्याचा सगळा खर्च त्याच्यावर. मग घरी बसून हिशोब. ५०० फुटाचा ५ इंची स्लॅब धरला तर २०८ घनफूट काँक्रीट, एकास दीडास तीनच्या मालाला (एक भाग सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी) ४७-४८ बॅगा सिमेंट, रेती गिट्टी ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), लोखंड किलोत, त्यात ८ एमएमच्या जागी १० एमएम घेतलं तर तेवढ्याच लांबीचं वजन दीडपटीच्या वर जाते. माझ्या दोन संध्याकाळी जातात यात.

पण मेहनतीचे पैसे एवढंच कारण नाही. सुरुवातीची ५-६ वर्षं मी एक रुपया घेत नव्हतो, चार गावं फिरलो तर एक काम मिळायचं, म्हणजे बाकी तीन गावांचं पेट्रोल अन् दिवस ज्यानं काम दिलं त्याच्याच रेटमध्ये जायचे. आणि काम हातचं जाऊ नये म्हणून आकडा कमी सांगायचो. असंच एका शेतकऱ्याला सांगितलं, खड्डा न खणता पायवा ३ फूट धरून. खणायला घेतलं तर मुरूम साडेपाच फुटावर. पैसा जमिनीतच गेला, घर लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत आलं आणि थांबलं. दोन पावसाळे त्याची लेकरं-बाळं ताडपत्रीखाली राहिली, वर कॉलमच्या सळाखी गंजून राहिल्या होत्या, आणि मी त्या रस्त्यानं जायचं टाळायचो. अशी अर्धवट घरं आपल्याकडं गावोगावी दिसतात, लोक म्हणतात कापूस पिकला नाही म्हणून थांबलं, ते पण खरं, पण काही घरात पहिल्या दिवशी सांगितलेला आकडाच खोटा होता हे मला माहीत आहे.

आता १००० घेतो, घरून निघायच्या आधी फोनवरच सांगून, आणि काम मला मिळालं तर पहिल्या बिलात वळते करतो. मागच्या उन्हाळ्यात एका जणाचा आकडा काढला तर त्याच्या ऐपतीच्या बाहेर जाऊन राहिला होता. त्याला सांगितलं यंदा पूर्ण पायवा अन् प्लिंथच, म्हणजे जमिनीवरचा जोता, करून ठेवा, नाहीतर काहीच करू नका. त्यानं काहीच केलं नाही, हजार देऊन गेला. ते काम मिळावं म्हणून मी अडून असतो तर हे तोंडातून निघालंच नसतं.

घरकुलवाल्यांकडून मात्र एक रुपया घेत नाही. सपाट भागात केंद्राच्या योजनेचे १ लाख २० हजार, तेही हप्त्या-हप्त्यानं, त्यात घर उभं करताना माणसाचा जीव जाते, त्यातून एस्टिमेटचे काहून काढायचे.

आणि एक, बँकेचं कर्ज काढणार असाल तर आधी बँकेत विचारून घ्या. तिथं बहुतेक इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं एस्टिमेट मागतात, ठेकेदाराचा कागद चालत नाही, मग दोनदा पैसे जातात.

तुमच्या ठेकेदाराला विचारा का या ८०० मध्ये खड्डा खणून पाहणार का, सिमेंट, लोखंड, रेती, मजुरी असं वेगवेगळं लिहून देणार का, कागद माझ्याजवळ राहणार का आणि काम तुम्हालाच दिलं तर पैसे वळते होणार का. हाव म्हणाला तर देऊन टाका. नुसतं येऊन चहा पिऊन तोंडी आकडा सांगणार असेल तर ५० रुपये पण देऊ नका.