भाषणावरची एखादी बंदी वाजवी आहे की अतिरेकी, हे कसं ओळखायचं?

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात (१९६६) कलम १९(३) आहे, त्यातच कसोटी दिलेली आहे. बंदी कायद्यात लिहिलेली हवी, करारात नमूद केलेल्या कारणांपैकीच एखाद्यासाठी हवी (इतरांचे हक्क किंवा प्रतिष्ठा, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता) आणि त्या कारणासाठी खरोखर आवश्यक हवी.

पहिल्या दोन अटी बहुतेक सरकारं कागदावर सहज पूर्ण करतात. घोडं पेंड खातं ते आवश्यकतेपाशी. म्हणून आधी विचारा: यापेक्षा सौम्य उपायाने काम झालं नसतं का? एका मजकुरासाठी अख्खी वेबसाइट बंद केली, तर ती बंदी इथेच नापास होते. २०११ च्या ३४ व्या सर्वसाधारण टिप्पणीत (कलम १९ चा अर्थ सांगणाऱ्या दस्तऐवजात) या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने म्हटलंय की असे निर्बंध ठरावीक मजकुरापुरतेच असावेत. ‘आक्षेपार्ह’, ‘देशविरोधी’ असे मोघम शब्द व्याख्येविना वापरणारा कायदा तर पहिल्याच अटीत अडकतो, कारण काय बोललं की गुन्हा होतो हे माणसाला आधी कळतच नाही.

द्वेषपूर्ण भाषणासाठी २०१२ चा रबात कृती आराखडा (संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी तयार केलेली मार्गदर्शिका) वापरा. त्यात संदर्भ, वक्त्याचं स्थान, हेतू, आशय व मांडणी, प्रसार आणि प्रत्यक्ष हानीची शक्यता तपासतात. माझ्या मते वक्त्याचं स्थान सर्वात दुर्लक्षित राहतं. तेच वाक्य मंत्र्याच्या तोंडी कितीतरी घातक ठरतं.

पाळतीचा प्रश्न असेल तर त्याच कराराचं कलम १७ (खासगीपणाचा हक्क) बघा.