वाचकांचे प्रश्न : पीसीआरआधी पिपेट

प्रश्न : मी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका यंत्राभोवती आम्ही दहा-बारा विद्यार्थी उभे असतो, त्यामुळे पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती करण्याचे तंत्र) आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने जेलमध्ये डीएनएचे तुकडे वेगळे करण्याचे तंत्र) मी पाहिले आहे, स्वतः केलेले नाही. पाच दिवसांत वीस तंत्रे शिकवणाऱ्या एका कार्यशाळेची जाहिरात पाहिली; फी बरीच आहे. नाव नोंदवावे का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : पाच दिवसांत वीस तंत्रे पाहून होतील, शिकून होणार नाहीत. पीसीआरचे यंत्र चालवायला फारसे शिकावे लागत नाही, कारण तापमान आणि वेळ एकदा भरून दिली की पुढचे काम ते स्वतःच करते. कौशल्य लागते ते त्यात ठेवायच्या नळीत योग्य द्रव योग्य मापाने घालण्यासाठी, आणि त्याचे साधन, म्हणजे मायक्रोपिपेट (बटण दाबून अगदी थोडा द्रव मोजून ओढण्या-सोडण्याचे उपकरण), तुमच्या महाविद्यालयात नक्की असणार. तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

रिकाम्या तासाला शिक्षकांची परवानगी घेऊन २०० मायक्रोलिटरचे पिपेट आणि मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा वजनकाटा मिळवा. एक मायक्रोलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक मिलिग्रॅम भरते, म्हणून पिपेट १०० वर लावून काट्यावरच्या छोट्या भांड्यात दहा वेळा पाणी सोडा आणि प्रत्येक वेळचे वजन लिहून ठेवा. आकडे ९२ ते १०५ असे विखुरले, तर अंगठा अजून स्थिर नाही. बहुधा तो झटक्याने सुटतो आणि पाण्याबरोबर हवाही आत येते. आकडे एकमेकांजवळ आहेत पण सगळेच १०८च्या आसपास आहेत, तर चूक दर वेळी तीच होते आहे. द्रव ओढताना बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचे असते, दुसरा थांबा फक्त द्रव सोडताना वापरायचा; नवशिक्यांची सर्वांत नेहमीची गल्लत इथेच होते. तरीही आकडा हलला नाही, तर तेच पिपेट एखाद्या सरावलेल्या व्यक्तीच्या हाती द्या. तिचेही माप १०८च आले, तर दोष हाताचा नसून पिपेटचा आहे. दहाही आकडे १०० पासून एक-दोन टक्क्यांच्या आत येईपर्यंत हा सराव सोडू नका. कंटाळवाणा आहे, हे मान्य. पण आपला हात किती चुकतो हे आकड्यात माहीत असलेले विद्यार्थी मला फार थोडे भेटले आहेत.

पाणी जमले की ग्लिसरॉल घ्या. एंझाइम साधारणपणे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठवलेले असतात आणि हा चिकट द्रव टिपच्या, म्हणजे पिपेटच्या टोकाला लावायच्या छोट्या नळीच्या, बाहेरही लागून येतो. म्हणून टिपचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून सावकाश ओढायला शिकावे. जेलच्या खाचांत नमुना भरण्याचा सराव तर अगदी स्वस्तात होतो. जेल ज्याचे बनते ते अगारोज ज्या समुद्री शेवाळापासून काढतात, त्याच कुळातल्या शेवाळाचा चायना ग्रास किराणा दुकानात मिळतो. तो शिजवून खाचा पाडणाऱ्या कंगव्यासह ट्रेमध्ये थिजवावा, वर पाणी ओतावे आणि खाण्याचा रंग घातलेला साखरेचा पाक खाचांत सोडावा. रंग वर तरंगत आला किंवा खाचेचा तळ फाटला, की चूक लगेच डोळ्यांना दिसते. खऱ्या जेलला मात्र असे मोकळेपणाने हात लावू नका. त्यात बहुधा डीएनए दिसावा म्हणून घातलेले एथिडियम ब्रोमाइड असते आणि ते डीएनएच्या जोड्यांमध्ये शिरणारे रसायन आहे, म्हणून हातमोजे घालावेतच.

द्रावणांची गणिते स्वतः करा. ५० पट तीव्र टीएई बफरपासून (जेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या द्रावणापासून) एकपट तीव्रतेचे ५०० मिलिलिटर हवे असेल, तर १० मिलिलिटर बफर आणि ४९० मिलिलिटर पाणी, हे कागद न घेता सांगता आले पाहिजे. जेल चुकून नुसत्या पाण्यात केले, तर डीएनए जागचा फारसा हलत नाही आणि खापर मात्र विजेच्या यंत्रावर फुटते.

पीसीआर करायची संधी मिळाली, तर कंट्रोलच्या, म्हणजे पडताळणीच्या, दोन नळ्या कधीही वगळू नका : एकीत डीएनएऐवजी पाणी, दुसरीत हमखास चालणारा डीएनए. प्रती दुप्पट करणाऱ्या ३० आवर्तनांत एका रेणूच्या, तत्त्वतः, १०० कोटींहून अधिक प्रती होतात, त्यामुळे टिपमधून आलेला एखादा परका तुकडाही जेलवर पट्टा उमटवू शकतो. पाण्याच्या नळीत पट्टा दिसला, तर बाकीच्या निकालांवर विश्वास ठेवता येत नाही. दुसऱ्या नळीतही काही आले नाही, तर दोष मिश्रणात किंवा यंत्राच्या तापमानांत शोधावा. ती चालली आणि तुमचा नमुना चालला नाही, तर नमुन्याच्या डीएनएकडे वळावे. या नोंदी परीक्षेसाठी सजवलेल्या जर्नलमध्ये नव्हे, तर कच्च्या वहीत, खाडाखोडीसकट आणि त्याच वेळी कराव्यात.

कार्यशाळेचे म्हणाल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारा : एका पिपेटमागे किती जण असतील, प्रत्येक जण स्वतःचे जेल ओतेल का, आणि प्रयोग फसला तर तो पुन्हा करायला वेळ ठेवला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर ती फी वाचवावी.