विचारा की! : भोंग्यासारखा वाजणारा फोन, पुसलेला क्यूआर आणि अंबाबाईची किरणं

या वेळी प्रश्नांचा ढीगच आलाय आणि बहुतेक सगळे आपल्या कोल्हापुरातलेच, त्यामुळं लय बरं वाटलं. जागा आहे तेवढ्यात चार घेतो, किरणोत्सवाचं जरा लांबलंय पण ते लांबण्यासारखंच आहे.

प्रश्न : मागं एकदा घरातले सगळे मोबाईल एकदम भोंग्यासारखे कोकलायला लागले, सायलेंटवर होता तो पण. स्क्रीनवर चाचणी संदेश असं काहीतरी होतं. सरकारकडं आमच्या सगळ्यांचे नंबर आहेत का? आणि पुराच्या वेळी ह्याचा काय उपयोग? (एक वाचक, प्रयाग चिखली)

नंबर लागतच नाही, हीच तर ह्यातली हुशारी आहे. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, म्हणजे लाख लोकांना कळवायचं तर लाख मेसेज, आणि पुराच्या रात्री अख्खा गाव एकमेकांना फोन लावत असतो तेव्हा तो मेसेज कधी पोचेल ह्याचा नेम नाही. तुमच्या फोनवर आला त्या प्रकाराला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. ह्यात टॉवर एकदाच दवंडी पिटतो आणि त्याच्या टप्प्यात जेवढे चालू फोन आहेत ते सगळे ती ऐकतात, मग सिम कुठल्या का कंपनीचं असेना आणि नेट पॅक संपलेलं का असेना. कुणी ऐकलं कुणी नाही हे टॉवरला कळत पण नाही, सगळं एकतर्फी आहे, त्यामुळं पाळत वगैरेची भीती मनातून काढून टाका. २०२३ मध्ये दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं देशभर ह्याच्या चाचण्या घेतल्या, तंत्र सी-डॉट ह्या सरकारी संस्थेचं.

उपयोग तुमच्या गावाइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोरांना पण पाठ आहे. वर राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की पाण्याचा दाब आणि तोलाचं वजन ह्यांच्या जोरावर आपोआप उघडतात, ना वीज लागते ना माणूस. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर पाणी! हे पाणी मध्यरात्री सुटलं आणि ग्रुपवरची बातमी खरी की गेल्या वर्षीची फॉरवर्ड हे कळेना झालं, तेव्हा टॉवरवरून थेट आलेला इशारा किती मोलाचा ठरेल बघा. म्हणून हात जोडून सांगतो, फोनच्या सेटिंगमधे आपत्कालीन इशारे बंद करून ठेवू नका, कानाला कितीही त्रास झाला तरी. आणि पावसाळ्यात फोन बंद करून किंवा फ्लाइट मोडवर टाकून झोपू नका, बंद फोनला हे येत नाही.

प्रश्न : रंकाळ्यावर भेळेच्या गाडीवरचा क्यूआर कोड चिंचेच्या पाण्यानं डागाळलाय, एक कोपरा पुसलाय, तरी पटकन स्कॅन होतो. माझ्या दुकानातला नवा कोरा, फ्रेम करून लावलेला, तो मात्र गिऱ्हाईकाला दोन-तीनदा धरावा लागतो. असं का? (राजारामपुरी)

आधी गाडीवरच्याचं. क्यूआर कोडमधे नुसती माहितीच लिहिलेली नसते, तिच्याबरोबर जादाचे हिशेबाचे आकडे पण भरलेले असतात, त्यामुळं मधला काही भाग गेला तरी उरलेल्यावरून गेलेला काढता येतो. ह्याच्या चार पायऱ्या आहेत, सगळ्यात खालच्या पायरीवर साधारण ७ टक्के खराबी चालते आणि वरच्यावर ३० टक्क्यांपर्यंत. फक्त तीन कोपऱ्यातले ते मोठे चौकोन शाबूत पाहिजेत, कारण कोड आहे कुठं आणि वरची बाजू कुठली हे कॅमेऱ्याला त्यांच्यावरूनच कळतं. भेळवाल्याचा पुसलेला कोपरा चौथा असणार, जिथं मोठा चौकोन नसतोच.

हे चौकोन कसे ठरले ते मला फार आवडतं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमनं गाड्यांच्या सुट्या भागांवर लावायला हा कोड बनवला. कोडशेजारी दुसरं काही छापलेलं असेल तर मशीन फसायला नको, म्हणून त्यांनी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याचे खोके असलं बरंच छापील साहित्य तपासलं आणि काळ्या-पांढऱ्याचं कुठलं प्रमाण छपाईत सगळ्यात कमी सापडतं ते शोधून काढलं. ते निघालं १:१:३:१:१. तुमच्या कोडवरच्या मोठ्या चौकोनावरून कुठूनही मधोमध रेघ ओढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं ह्याच प्रमाणात मिळणार. आणि पेटंट असून कंपनीनं ते लोकांवर चालवलं नाही, म्हणून आज हा चौकोन फुकटात सगळ्या जगभर आहे.

आता तुमच्या फ्रेमचं. कोडच्या चारी बाजूंना निदान चार ठिपक्यांइतकी कोरी पांढरी जागा लागते, फ्रेमवाल्यानं ती कापली असेल तर कोड कुठं संपला हे कॅमेऱ्याला समजत नाही. दुसरं कारण काच, वरच्या ट्यूबचा उजेड तिच्यावर चमकत असेल तर तेवढा भाग कॅमेऱ्याला पांढराच दिसतो. काच काढा, पांढरी पट्टी ठेवून नवा लावा, काम होईल. आणि एक, दुकान उघडताना रोज कोडवरनं हात फिरवून बघा, आपल्या कोडवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून पैसे वळवणारे भामटे असतात.

प्रश्न : अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातनं दोनदाच का? आणि काही वर्षी किरणं मूर्तीपर्यंत पोचत नाहीत ते पृथ्वीचा आस बदलल्यामुळं, असं व्हॉट्सअॅपवर आलंय, ते खरं का? (शुक्रवार पेठेतल्या एक ताई)

ताई, आधी दोनदा का ते. किरणोत्सव म्हणजे सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात तो सोहळा. ठरलेले दिवस म्हणजे ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मंदिर पश्चिमाभिमुख, त्यामुळं हे सगळं मावळतीचं. आता कॅलेंडर काढा आणि मोजा, १० नोव्हेंबर ते २१-२२ डिसेंबर हे ४१-४२ दिवस, आणि तिथनं पुढं १ फेब्रुवारीपर्यंत परत तेवढेच. डिसेंबरातल्या त्या दिवशी सूर्य दक्षिणेला सगळ्यात लांब गेलेला असतो, तिथून तो मागं फिरतो. म्हणजे जाताना नोव्हेंबरात ज्या जागी मावळतो, येताना फेब्रुवारीच्या तोंडावर परत त्याच जागी, कोल्हापुरातनं बघितलं तर पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला. वर्षातनं ह्या जागेवरनं तो दोनदाच जातो, तिसऱ्यांदा नाही.

मग तीनच दिवस का, तर त्या काळात मावळतीची जागा रोज जवळपास ०.३ अंशानं सरकते. ऐकायला काहीच नाही, पण शंभर मीटर आत येईपर्यंत ह्याचा अर्धा मीटर होतो! महाद्वारातनं आलेली तिरीप गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात जायची, तिथं अर्धा मीटर इकडंतिकडं म्हणजे संपलंच. सूर्य खाली जाईल तसे किरण आडवे होत जातात, म्हणून उजेड फरशीवरनं आत सरकतो आणि मग मूर्तीवर वर चढतो. ज्यांनी हे बांधलं त्यांच्याकडं ना दुर्बीण ना संगणक, वर्षानुवर्षं मावळती बघून खुणा केल्या असणार, आणि हे बघितलं की माझा ऊर भरून येतो.

आता आसाचं. व्हॉट्सअॅपवालं खरं नाही. आसाचा कल बदलतो हे बरोबर, पण शंभर वर्षांत अंशाचा जेमतेम ०.०१३ इतका. हजार वर्षं धरली तरी ०.१३ अंश, आणि सूर्याची थाळी आपल्याला अर्ध्या अंशाची दिसते, म्हणजे थाळीच्या पाव भागाएवढा फरक हजार वर्षांत. त्यानं एका वर्षी पोचली आणि पुढच्या वर्षी नाही असं होऊच शकत नाही.

खरी कारणं जवळची आहेत. मावळतीचा सूर्य क्षितिजापासून अंश-दोन अंशावर असतो तेव्हा २०० मीटरवरच्या इमारतीवर कुणी ३ मीटरची टाकी किंवा होर्डिंग चढवलं, तर त्यानं ०.८ अंशाहून जास्त आकाश झाकलं, म्हणजे सूर्याच्या थाळीच्या दीडपट. सूर्याला तेवढं खाली उतरायला जवळपास ४ मिनिटं लागतात आणि किरणं मूर्तीवर असतात तीच मुळात थोडा वेळ. दुसरं कारण हवा. अगदी क्षितिजावरचा प्रकाश डोक्यावरच्या प्रकाशापेक्षा जवळपास ३८ पट हवेतनं येतो, त्यात ढग, बाष्प, धूळ असली की थाळी डोळ्याला दिसते पण किरणात जोर राहत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडं ऊसतोडीचा हंगाम, पाचट पेटवलं की तो धूर पण त्यातच. ढगाचं कुणी काही करू शकत नाही, पण टाकी, होर्डिंग आणि पाचट हे आपल्या हातातलं आहे, आणि ज्या दिशेनं किरणं येतात त्या पट्ट्यात नवीन मजला चढवायला परवानगी देताना हा कोन मोजलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : प्राडानं दाखवली तेव्हा जगाला आपलं पायताण दिसलं. पण डिझाईन म्हणून कोल्हापुरी चपलेत खरंच काय विशेष आहे? पावसात वापरू का? (कॉलेजकुमार, कसबा बावडा)

जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमधे ते पहिल्यांदा नुसतं लेदर सँडल म्हणून आलं, कोल्हापूरचं नाव नाही की काही नाही, लोक चिडले ते बरोबरच होतं. २०१९ पासून ह्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात. नंतर कंपनीनं मूळ कुठलं ते मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. पैसा आणि नाव कारागिराच्या घरापर्यंत पोचतंय का, हे आपण विचारत राहायला पाहिजे.

विशेष म्हणशील तर कातडं. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या पाण्यात ते कमावतात, त्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसतं, म्हणून ते कुजत नाही पण घाम शोषतं आणि हळूहळू तुझ्याच पायाचा आकार घेतं. शिलाई पण कातड्याच्याच वादीची, त्यामुळं तळ आणि वादी दोन्ही पायाबरोबर वाकतात. नवीन असताना अजून पायाचा आकार घेतलेला नसतो म्हणून अंगठ्याला चावतं, थोडे दिवस घरात घालून हिंड.

पावसात नको. हेच कातडं पाणी पण तसंच पितं, तळाचे थर फुगतात आणि सुटायला लागतात. भिजलंच तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नकोस, भरभर वाळलं की कडक होऊन तडकतं. कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत उभं करून ठेव, पूर्ण वाळलं की तेलाचा हलका हात फिरव.